अंजूरकरांना पडलेली सतरा मतं

तुळशीराम तरे यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहील असं मला वाटत नाही, म्हणून मीच लिहिते आहे. यात माझा मोठेपणा काही नाही. माझ्या हातून त्यांचं एक नुकसान झालं, आणि तेही गुपचूप नाही, चांगली सतरा माणसं गोळा करून, हौसेनं केलं. त्यांच्यापाशी कबुली देऊन झाली. तरी मन हलकं झालेलं नाही.

भिवंडीत टेमघरच्या नाक्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. त्याला भिंत लावून तुळशीरामदादांचा टेलिफोन बूथ होता. पिवळी पाटी, काचेची केबिन, बाहेर एक बाक, आत बिल छापणारं छोटं यंत्र. लहानपणी पोलिओनं त्यांचा डावा पाय गेला होता, म्हणून अपंगांच्या कोट्यातून त्यांना हा बूथ मिळाला होता. मूळचे ते अंजूरचे. भाऊ महादू गावातच राहिला, आणि शेतांच्या जागी गोडाऊनं उभी राहिली तसा झोपड्यातून बंगल्यात गेला. दादा मात्र बूथच्या मागच्या खोलीत. लग्न झालेलं नव्हतं. दोनदा मुलगी बघायला गेले होते, तिकडच्यांनी पाय बघितला आणि चहा गार झाला, असं ते स्वतःच हसत सांगायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा. वयानं ते माझ्या वडिलांच्या जवळचे, पण ‘काका’ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, म्हणून दादा.

बूथचा खरा दिवस शुक्रवार. भिवंडीत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे युपी-बिहारचे कारागीर सकाळपासून घरी फोन लावायला यायचे आणि रांग पार पानाच्या टपरीपर्यंत जायची. केबिनचं दार नीट लागायचं नाही. आतला माणूस ओरडून बोलायचा आणि दादांना सगळं ऐकू यायचं. कुणाच्या गावात पूर आला, कुणाच्या बहिणीचं ठरलं, कुठे पूल खचला, हे त्यांना वर्तमानपत्राच्या आधी कळायचं. मग रांगेतल्या पुढच्याला विचारायचे, "तेरे उधर भी पानी आया क्या?" तो हो म्हणाला की मागच्यालाही सांगायचे. नंबर लावून देता देता निम्म्या उत्तर हिंदुस्थानाच्या बातम्या त्या बाकावरून इकडून तिकडे व्हायच्या.

मग मोबाइल आले. दोन हजार सहा उजाडेपर्यंत रांग बाकावर मावायला लागली, आणि पुढे बाकही रिकामा. शुक्रवारी लूमची खटखट नाही आणि रांगही नाही, अशा शांततेत दादा फोनकडे बघत बसलेले असायचे. मला ते दिसायचं. पण माझ्यापुढे कामाचा ढीग असायचा, आणि बसलेल्या माणसाकडे बघून आपल्याला उगाच अपराधी वाटतं म्हणून मी तिकडे बघणंच टाळायची.

त्यावर मी उपाय काढला तो माझ्या स्वभावाप्रमाणे, न विचारता. दुकानातला जुना कॉम्प्युटर उचलून त्यांच्या टेबलावर ठेवला. अफजल म्हणून एक हुशार मुलगा, इथल्या जुन्या कोकणी घरातला, नाक्यावर केबलचं नेट द्यायचा. त्याला सांगितलं, माझ्या दुकानात येते तीच तार पुढे ओढ. मराठी टायपिंग मी शिकवलं. आठवड्याभरात दादा दोन बोटांनी टाइप करायला लागले, आणि पंधरा दिवसांत त्यांना ‘वेशीवर’ सापडलं.

‘वेशीवर’ ही मराठी बातम्यांची वेबसाइट होती, पुण्याच्या दोघा इंजिनियरांनी नोकरी सांभाळून काढलेली. तिला संपादकच नव्हता. ज्याला जे वाचनीय वाटेल त्याचा पत्ता त्यानं आणून टाकायचा, वर आपला मथळा द्यायचा. प्रत्येक बातमीशेजारी दोन छोटे बाण. आवडली तर वरचा दाबायचा, नाही आवडली तर खालचा. माणशी एक मत. मतं पडतील तशी बातमी वर चढायची, आणि चढत चढत पहिल्या पानावर पोचायची. पण नुसत्या मतांवर भागायचं नाही, कारण जसजसा वेळ जाईल तसतशी बातमी आपोआप खाली घसरायची. कालची शंभर मतं आजच्या दहांपुढे हरायची. बातमीखाली लोक बोलायचे, त्या बोलण्यालाही बाण असायचे, आणि आपल्याला मिळालेल्या मतांची बेरीज आपल्या नावापुढे ‘मान’ म्हणून दिसायची. मला हे सगळं पोरखेळ वाटलं होतं.

दादांना नाही वाटलं. त्यांनी ‘अंजूरकर’ असं नाव घेतलं, ज्या गावात त्यांना वर्षात दोनदा कुणी बोलवत नव्हतं त्या गावाचं. आणि जागा पकडली ती ‘नवे’ नावाच्या पानाची. आलेली प्रत्येक बातमी आधी तिथे पडायची, निवडल्याशिवायची, बरी-वाईट सगळी. तिथे कुणी फिरकायचं नाही. सगळ्यांना पहिलं पान हवं, निवडून चाळून पुढ्यात आलेलं. पण कुणीतरी ‘नवे’ वाचून पहिलं मत दिल्याशिवाय बातमी वर जाणार कशी? ते काम दादांनी अंगावर घेतलं. सकाळी नऊपासून दिवे जाईपर्यंत आणि दिवे आले की पुन्हा, एकेक बातमी उघडायची, पूर्ण वाचायची आणि मग बाण दाबायचा. कुणा शिक्षकानं आपल्या तालुक्यातल्या विहिरींवर लिहिलेलं असो की एसटीचं बदललेलं वेळापत्रक, दादांचं मत वाचूनच पडणार.

तिथेच त्यांना ‘हिरवी शाई’ भेटल्या. खरं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही आणि दादांनी विचारलं नाही. अकोल्याच्या, सरकारी नोकरीतून निवृत्त, हिरव्या शाईनं सह्या करण्याइतक्या वरच्या हुद्द्यावरून. गुडघे गेलेले, दुसऱ्या मजल्यावर राहणं, त्यामुळे त्यांचाही दिवस खुर्चीतच. त्यासुद्धा ‘नवे’ वाचणाऱ्यांतल्या. दुपारी दोनच्या सुमाराला कुठल्या तरी निरस बातमीखाली दोघं सापडायची. त्या खाडीतल्या निवट्यांबद्दल विचारायच्या, चिखलात चालणारा मासा ही दादांची थाप आहे असं म्हणायच्या. दादा अकोल्याच्या उन्हाबद्दल विचारायचे. दादा लिहायचे ते शाळेत शिकवलेल्या शुद्ध भाषेत, ‘मी आपणांस सांगू इच्छितो की’ अशा थाटात, आणि मी भिंतीपलीकडून चिडवायची की दादा, अर्ज लिहिताय का? ते लाजायचे. पन्नाशीच्या माणसाला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या वर्षभरात ते बाकावर रिकामे बसलेले मला दिसले नाहीत.

साइट वाढत गेली. सुरुवातीला दोनशे माणसं होती आणि सगळी एकमेकांना नावानं ओळखायची. मग हजारो झाली. दुसऱ्याची बातमी आणण्याऐवजी स्वतः लिहून टाकायची सोय आली. आणि गर्दीबरोबर लबाडीही आली. कुणाच्या पुढाऱ्याचा वाढदिवस पन्नास मतांनी पहिल्या पानावर चढायचा, कुणाच्या कपड्यांच्या दुकानाचा सेल. एकच माणूस दहा नावं घेऊन स्वतःलाच मतं द्यायचा. म्हणून त्या पुण्याच्या दोघांनी एक राखणदार बसवला. राखणदार म्हणजे माणूस नव्हे, मतं कुठून आणि कशी येतात त्यावर नजर ठेवणारा प्रोग्राम. हे दादांनीच मला कौतुकानं सांगितलं होतं, आता चोर सापडतील म्हणून. मी पावत्यांची झेरॉक्स काढत होते. मी हूं म्हटलं.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी सकाळी, दादांनी पहिल्यांदा स्वतःचं काही लिहून टाकलं. मथळा ‘शुक्रवारची रांग’. त्यात ते अर्जासारखं लिहायचं विसरून गेले होते. काचेच्या केबिनमध्ये बापाच्या मरणाची बातमी ऐकून बाहेर आलेला आणि मागच्या माणसाला ‘तुम लगाओ’ म्हणून जागा देणारा कारागीर त्यात होता. रांग गेल्यावर कान कसे रिकामे झाले ते होतं. मी ते माझ्या दुकानात वाचलं आणि तोंड धुवायला आत गेले.

बारा वाजेपर्यंत त्याला पाच मतं पडली होती. खाली हिरवी शाईंनी लिहिलं होतं, ‘हे पहिल्या पानावर जायलाच हवं.’ दादांनी त्याच्याखाली गमतीनं लिहिलं, ‘आधी आपल्या गुडघ्यांची परवानगी घ्यावी, चढण मोठी आहे.’ आणि बाराला दिवे गेले. लोडशेडिंग चार तासांचं.

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. चार तास आमच्याकडे दिवे नाहीत, पण पुण्यामुंबईकडे आहेत. तिकडे वेळ चाललाय आणि दादांचं लिखाण घसरतंय. चार वाजता बघू तेव्हा ते तळाला गेलेलं असेल आणि संपलं. आमच्या आगरी समाजात कुणाकडे हळद असली की अख्खा गाव लोटतो. हळदीला माणसं कमी दिसली तर घरच्यांची मान खाली जाते, म्हणून आपण जायचं, उभं राहायचं, हजेरी लावायची. दादांची हळद कधी झालीच नाही. त्यांच्यासाठी गर्दी करायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. मी ठरवलं, आज करायची.

त्या चार तासांत मी नाका पालथा घातला. माझे यजमान मनोज, अफजल, शुक्रवार म्हणून मोकळे असलेले त्याचे लूमवरचे दोस्त, पार्लरवाली निशा, टायपिंगच्या क्लासच्या मुली, समोरच्या इमारतीतल्या गुडघेदुखीच्या आनंदीबाई, ज्यांनी आयुष्यात माउसला हात लावला नव्हता. कागदावर सतरा टोपणनावं काढून ठेवली, प्रत्येकाला एक. चारला दिवे आले तसे दुकानातले तिन्ही कॉम्प्युटर चालू केले, आणि लस टोचायला उभं करतात तशी माणसं ओळीनं बसवली. नाव घ्या, बाण दाबा, उठा. आनंदीबाईंचं बोट मी धरलं. वीस मिनिटांत सतरा मतं. गर्दी बघून दादांनी विचारलं तर सांगितलं, टायपिंगची परीक्षा आहे.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी ते काठी टेकत माझ्या दारात आले आणि म्हणाले, विनिता, जरा ये. त्यांच्या पडद्यावर ‘शुक्रवारची रांग’ पहिल्या पानावर, पहिल्या क्रमांकावर होती. मी आश्चर्याचा अभिनय केला, चांगला वठवला. दहा-बारा मिनिटांनी ती तिथून गेली. कुठेच दिसेना. दादा म्हणाले, वेळ झाली असंल तिची. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला.

त्यानंतर दादा बोलायचे कमी झाले. मला वाटलं, वय. मला वाटलं, पाय दुखत असेल. ‘वेशीवर’ त्यांचं चालूच होतं. भिंतीपलीकडून दोन बोटांची टकटक ऐकू यायची, म्हणून मी निर्धास्त होते. उन्हाळा गेला, पाऊस लागला. सात महिने गेले.

ऑगस्ट संपता संपता एका शनिवारी दुपारी ते माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभे राहिले. मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मग म्हणाले, "ती मला विचारते, तू कुठं हाय. मी सांगतो, हितंच हाय. तरी विचारते."

मला काही कळेना. हळूहळू बाहेर आलं. फेब्रुवारीपासून त्यांच्या एकाही शब्दाला कुणी उत्तर दिलं नव्हतं. बातमी टाकली तर एक मत पडत नव्हतं. कुणी शिवीसुद्धा देत नव्हतं. त्यांना वाटलं, आपण बाईमाणसाच्या गुडघ्यांची थट्टा केली, ती लागली, आणि सगळ्यांनी मिळून आपल्याला वाळीत टाकलं. लहानपणी अंजूरला त्यांनी वाळीत टाकलेलं घर पाहिलं होतं. त्या घरचा माणूस समोरून आला की लोक त्याच्या आरपार बघायचे, आणि तोही कुणाला कारण विचारायचा नाही, कारण वाळीतल्या माणसानं विचारायचं नसतं. दादांनीही विचारलं नाही. मलासुद्धा नाही. रोज बातम्या वाचायच्या, रोज मतं द्यायची, मधून मधून हिरवी शाईंची माफी मागायची, आणि गावानं शिक्षा संपली म्हणेपर्यंत थांबायचं. सात महिने हा माणूस भिंतीपलीकडे शिक्षा भोगत होता आणि मी टकटक ऐकून समाधानी होते.

आदल्या दिवशी हिरवी शाईंनी लिहिलं होतं. दादांनी मला त्यांच्या पडद्यावर दाखवलं. ‘अंजूरकर, रागावलात की गेलात? फेब्रुवारीपासून तुमचा शब्द नाही. मला सोमवारी ऑपरेशनसाठी नागपूरला हलवताहेत. त्याआधी नुसतं आहे एवढं लिहिलंत तरी मला पुरे.’ त्याखाली दादांचं उत्तर, पाच मिनिटांतलं. अर्जाची भाषा नाही, काही नाही. ‘हाय. हितंच हाय मी.’ त्याखाली आणखी एक, ‘दिसला का?’ मग आणखी चार.

मी माझ्या दुकानात येऊन तेच पान उघडलं. हिरवी शाईंचा प्रश्न होता. खाली काहीच नव्हतं. कोरी जागा.

मी दोनदा इकडून तिकडे गेले. त्यांच्या पडद्यावर सहा उत्तरं, माझ्या पडद्यावर एकही नाही. अफजलला बोलावलं. त्यानं पाहिलं आणि मला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, "भाभी, दादांना गायब केलंय. लिहिलेलं फक्त त्यांनाच दिसतं. चोराला कळू नये की पकडलाय, नाहीतर नवीन नाव घेऊन येतो, म्हणून असं करतात." मी विचारलं, चोर कसले दादा? तो माझ्याकडे न बघता म्हणाला की सगळ्या नाक्याला त्याचं एकच कनेक्शन आहे. माझं दुकान, दादांचा बूथ, तार एकच. आम्ही सतरा जण बसलो ते पुण्याला सतरा दिसलेच नाहीत. एकटे दादाच सतरा वेळा स्वतःला मत देताना दिसले. आणि दिवे एकदम आल्यामुळे सगळी मतं एका दमात.

सोमवारपर्यंत दीड दिवस होता. मी पुण्याला मेल लिहिलं, एक नाही, चार. साइटवर फोन नंबर कुठेच नव्हता. हिरवी शाईंचं नाव माहीत नाही, गल्ली माहीत नाही, कुठलं हॉस्पिटल माहीत नाही. वीस वर्षं ज्यांनी लोकांना देशभर नंबर लावून दिले ते दादा दोन टेलिफोन पुढ्यात घेऊन बसले होते आणि लावायला नंबर नव्हता. मी माझ्या नावानं त्या पानावर निरोप टाकायचा प्रयत्न केला, पण फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारीच आमच्या तारेवरची सगळी नावं गायब झाली होती, माझंही. अफजल शहरात दुसऱ्याच्या कनेक्शनवरून नवं नाव घेऊन लिहून आला. नव्या नावाला पहिले तीन दिवस लिहिता येत नाही, असं उत्तर आलं. राखणदार चोख होता. सोमवार गेला.

अकराव्या दिवशी पुण्याहून मेल आलं. दोघांपैकी एक अमेरिकेला गेला होता, उरलेला एकटा साइट ओढत होता. त्यानं लिहिलं होतं, एका तारेवरून वीस मिनिटांत सतरा नवी नावं, त्यामुळे गैरसमज झाला, अंजूरकरांची माफी मागतो, त्यांना पूर्ववत केलं आहे.

ते मेल मी छापलं आणि बूथमध्ये नेऊन दिलं, कारण तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. दादांनी चष्मा लावून वाचलं. मग विचारलं, ही सतरा कोण? मी सांगितलं. त्यांनी एकेकाचं नाव विचारलं आणि मी एकेक सांगत गेले, मनोज, निशा, अफजल, त्याचे दोस्त. आनंदीबाईंच्या नावाला ते थांबले. "ती पण आली हुती? गुडघं धरून?" मी हो म्हटलं. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. मला वाटलं, आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

"इचारायचा तरी हुतास," ते म्हणाले. एवढंच.

सात महिन्यांचं त्यांचं सगळं लिखाण एकदम उजेडात आलं, ज्या त्या तारखेला, ज्या त्या बातमीखाली. पण शिळ्या बातम्यांखाली जाऊन कोण वाचतो? ‘नवे’ पानावर दोघा-तिघा जुन्यांनी ‘अंजूरकर, होतात कुठे’ म्हणून विचारलं. दादांनी आपल्या अर्जाच्या भाषेत आभार मानले. हिरवी शाई मात्र परत आल्या नाहीत. त्यांच्या नावापुढे साइटवर शेवटचं आल्याची तारीख होती, ती नागपूरला जायच्या आधीच्या रविवारची. म्हणजे त्या रविवारीही त्या बघायला आल्या होत्या, आणि त्यांना कोरी जागा दिसली होती. हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

दादा रोज सकाळी आधी हिरवी शाईंच्या प्रश्नाचं तेच पान उघडायचे. महिन्याहून जुन्या पानावर नवीन लिहिता येत नसे, पण बाण चालू असायचे. ‘हाय. हितंच हाय मी.’ त्याच्यापुढे आकडा एक. तो एक म्हणजे लिहिणाऱ्याचा स्वतःचा, प्रत्येकाला आपोआप मिळणारा. दादांचं म्हणणं, ती बरी होऊन आली आणि लिहायला जमलं न्हाय तरी बोट टेकवायला जमंल. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. आकडा एक.

खोटं कशाला सांगू, माझं बोट दहादा त्या बाणावर गेलं. माझं नाव आता परत चालू झालं होतं. एक मत. कोणाचं काय जाणार होतं? मत कुणी दिलं हे तिथे दिसत नाही. दादांना एक दिवस तरी नीट झोप लागली असती. पण मी हात मागे घेतला. अफजलला तंबी दिली, मनोजला दिली. या माणसाला पुन्हा माझ्या खोट्या मतावर जगवायचं नाही, हे मी ठरवलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरवलेलं पाळलं.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी भिंतीपलीकडची टकटक थांबली. बराच वेळ काही आवाज नाही म्हणून मी हातातलं टाकून गेले. दादा पडद्यापुढे बसले होते. त्यांनी बोटानं दाखवलं. त्या ओळीपुढे आकडा दोन होता.

मी हिरवी शाईंचं नाव उघडून बघितलं. नवीन काही लिहिलेलं नव्हतं, आणि शेवटची तारीख आता कुणाचीच दिसत नव्हती, पुण्यानं मध्यंतरी साइटचं रूप बदललं होतं. त्या असतील. किंवा शिळ्या पानावर वाट चुकून आलेला कुणी परका, ज्याला वाचून गलबललं असेल. कळायला मार्ग नव्हता आणि पुढेही कधी मिळाला नाही, कारण वर्षभरात ‘वेशीवर’ बंद पडलं.

दादांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"विनिता, खरा सांग. तू दिलास?"

मी नाही म्हटलं. अफजलनं? नाही. मनोजनं? नाही दादा, शप्पत, कुणीच नाही. माझा आवाज चढला, आणि चढलेला आवाज खोटा वाटतो हे माझं मलाच ऐकू आलं. टायपिंगची परीक्षा आहे असं सांगतानाही मी अशीच ठामपणे बोलले होते. दादा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातावर हलकेच थोपटलं, रडणाऱ्या मुलाला गप्प करतात तसं.

"दिला असलास तरी चालंल मना," ते म्हणाले, आणि पडद्याकडे वळून ‘नवे’ पान उघडलं.

मी खरंच दिलं नव्हतं.